पारा मिसळलेल्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबाची तपासणी : तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

ज्या जमिनीत पारा मुरला आहे अशी शंका असते, तिच्यावर राहणारी कुटुंबे बहुतेक वेळा कामाची सुरुवात चुकीच्या टोकापासून करतात. कोणीतरी सांगते म्हणून ‘शरीरातला धातू काढणारे’ औषध आधी घेतले जाते, मग जवळच्या प्रयोगशाळेत रक्त दिले जाते, दरम्यान घाबरून सगळे घर झाडून-धुऊन काढले जाते, आणि मातीची तपासणी करायला हवी होती हे अगदी शेवटी लक्षात येते. तोवर औषधामुळे लघवीतील आकडा फिरलेला असतो, धुळीतला पुरावा फरशीच्या पाण्याबरोबर गटारात गेलेला असतो आणि लहान मूल अजूनही त्याच कोपऱ्यात मातीत खेळत असते. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. एखादा टप्पा काही अडचणीमुळे राहून गेला तर तसे नोंदवून ठेवावे, पण पुढचा टप्पा मागे आणि मागचा पुढे करू नये.

## १. आजच्या आज संपर्क कमी करा, पण घर धुऊ नका

तपासणीचे अहवाल यायला दिवस लागतात, कधी आठवडे लागतात. तेवढा काळ संपर्क तसाच चालू ठेवण्याचे कारण नाही. मोठी साफसफाई मात्र धुळीचे नमुने घेऊन होईपर्यंत थांबवावी.

पहिल्याच दिवशी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. घरात शिरताना पादत्राणे उंबरठ्याबाहेर काढावीत. मुलांचे उघड्या मातीतले खेळणे थांबवावे. जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी त्यांचे हात साबणाने धुवावेत आणि नखे बारीक कापावीत, कारण मातीतला पारा लहान मुलाच्या पोटात जाण्याचा सर्वांत सरळ मार्ग बोट तोंडात घालण्याचा आहे. परसातल्या भाज्या आणि आवारातल्या डबक्यातले किंवा तळ्यातले मासे निकाल येईपर्यंत खाऊ नयेत. घरातली कोणी व्यक्ती पारा हाताळणारे काम करत असेल, तर तिने कामाचे कपडे घराबाहेर बदलावेत आणि ते इतरांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

घरात किंवा अंगणात चंदेरी थेंब प्रत्यक्ष दिसत असतील, तर प्रकरण अधिक तातडीचे आहे. मुलांना, गरोदर स्त्रीला आणि पाळीव प्राण्यांना त्या जागेपासून दूर न्यावे. खोलीचे घराच्या आत उघडणारे दार बंद करावे, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या उघडाव्यात आणि वातानुकूलन यंत्र किंवा तापवण्याचे साधन बंद ठेवावे. पारा साध्या तापमानाला सतत वाफ सोडतो. ती वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो. २० अंश सेल्सिअसला बंद जागेतील हवा पाऱ्याने पूर्ण भरली तर एका घनमीटरात सुमारे १३ मिलिग्रॅम पारा मावतो. जागतिक आरोग्य संघटनेने हवेसाठी सुचवलेली वार्षिक सरासरी एका घनमीटराला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ती मर्यादा त्याच्या तेरा हजाराव्या भागाएवढी आहे. तापमान २० वरून ३० अंशांवर गेले की बाष्पदाब दुपटीहून अधिक होतो. म्हणून उन्हात तापणारी पत्र्याची खोली सर्वांत आधी रिकामी करावी.

खबरदारी : थेंबांवर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर कधीही फिरवू नये. केरसुणीने एका थेंबाचे शंभर थेंब होतात आणि वाफ सुटणारा पृष्ठभाग वाढतो, तर व्हॅक्यूम क्लीनर तापून तीच वाफ खोलीभर फेकतो. थर्मामीटरमध्ये असतो त्यापेक्षा जास्त पारा सांडलेला असेल, तर तो घरच्यांनी गोळा करू नये, स्थानिक पर्यावरण किंवा अग्निशमन यंत्रणेला कळवावे. खोकला, छातीत जळजळ किंवा धाप काही तासांत सुरू झाली, तर ही यादी बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

## २. नोंदवही सुरू करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच टाळला जातो. डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र सर्वाधिक उपयोग याच वहीचा होतो. घरातील प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान ठेवावे. वय, वजन, या जागेवर राहायला आल्याचा महिना, दिवसातील किती तास घरी किंवा अंगणात जातात, जमिनीवर झोपण्याची सवय आहे का, मूल माती किंवा खडू खाते का, आणि तक्रारी कधी सुरू झाल्या, हे सर्व लिहावे.

त्याच पानावर पाऱ्याचे इतर स्रोतही लिहावेत. माती दूषित आहे म्हणून अंगातला सगळा पारा मातीतूनच आला असे गृहीत धरल्याने अनेक कुटुंबांची फसगत होते. त्वचा उजळवण्याच्या काही क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार असतात. अशी क्रीम आई वापरत असेल, तर तिच्या स्पर्शातून, टॉवेलमधून आणि उशीच्या अभ्र्यातून मुलांच्याही अंगात पारा जातो. पारा असलेली पारंपरिक औषधे, दातात भरलेले चंदेरी मिश्रण, फुटलेला थर्मामीटर किंवा रक्तदाबाचे जुने यंत्र, आणि आहारातील मोठे शिकारी मासे यांचाही उल्लेख हवा. क्रीमची डबी किंवा औषधाची बाटली फेकून देऊ नये. ती बंद पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला ठेवावी.

थरकाप असेल किंवा तशी शंका असेल, तर आणखी एक साधी गोष्ट करावी. कोऱ्या कागदावर मनगट न टेकवता, मधून सुरुवात करून बाहेर जाणारी चक्राकार रेघ काढायला सांगावी, तिच्याखाली नाव आणि तारीख लिहायला सांगावी, आणि दर महिन्याला त्याच जातीच्या कागदावर तेच पुन्हा करावे. पाऱ्याच्या वाफेचा परिणाम झालेला हात या रेघेला बारीक करवतीसारखे दाते पाडतो. सुधारणा होते आहे की नाही हे तीन-चार कागद शेजारी ठेवले की डोळ्यांना दिसते. ही रेघ निदान करत नाही, पण ‘आधीपेक्षा बरे वाटते’ या वाक्यापेक्षा तिचा आधार पक्का असतो.

## ३. कोणत्या रूपातला पारा, ते ठरवा

‘पाऱ्याची तपासणी करा’ एवढे सांगून चालत नाही. कोणता नमुना द्यायचा हे पाऱ्याच्या रूपावर ठरते आणि बहुसंख्य चुका इथेच होतात.

धातुरूप पारा म्हणजे चंदेरी द्रव. सोने वेगळे करण्याची भट्टी, थर्मामीटर किंवा मोजमापाची उपकरणे बनवण्याची जागा, पाऱ्याच्या विद्युतघटांवर चालणारा जुना क्लोर-अल्कली (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणारा) कारखाना, अशा ठिकाणच्या जमिनीत तो सापडतो. तो गिळला गेला तर आतड्यांतून जवळजवळ शोषला जात नाही, पण त्याची वाफ श्वासातून गेली तर सुमारे ८० टक्के शरीरात राहते. ती वाफ मेंदूपर्यंत आणि गर्भापर्यंत पोहोचते.

असेंद्रिय पारा म्हणजे पाऱ्याचे क्षार. मातीत बराच काळ पडून राहिलेल्या पाऱ्याचा मोठा हिस्सा या रूपात असतो. तो धूळ आणि माती गिळल्याने पोटात जातो, त्यातला साधारण दहावा भाग किंवा थोडा अधिक शोषला जातो, आणि त्याचा मुख्य मार मूत्रपिंडांवर बसतो.

मिथाइलमर्क्युरी हे सेंद्रिय रूप आहे. पाणी साचलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या गाळात काही जिवाणू असेंद्रिय पाऱ्यापासून ते तयार करतात. ते माशांत साठत जाते, आणि दूषित भागातल्या पाणथळ भातशेतीत तांदळाच्या दाण्यातही उतरते. अन्नातून गेलेले मिथाइलमर्क्युरी जवळजवळ सगळेच शोषले जाते.

लक्षणेही रूपानुसार वेगळी असतात. वाफेमुळे हातांचा थरकाप, झोप उडणे, चिडचिड, विसराळूपणा, हिरड्या सुजणे आणि लाळ वाढणे अशा तक्रारी येतात. लहान मुलांत तळहात-तळपाय गुलाबी होऊन दुखणे, खूप घाम येणे, उजेड सहन न होणे, वजन घटणे आणि रक्तदाब वाढणे असे चित्र दिसते, आणि ते अनेकदा दुसऱ्याच आजाराच्या नावाखाली तपासले जाते. मिथाइलमर्क्युरीत ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना बधिरता, दृष्टीचे क्षेत्र कडेने आक्रसणे, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे आणि ऐकू कमी येणे असा क्रम दिसतो. यांपैकी कोणतेच लक्षण एकट्या पाऱ्याचे नाही, म्हणून लक्षणे वाचून निदान करू नये. ती नोंदवावीत आणि मोजणीकडे जावे.

तपासून पाहा : वहीत प्रत्येक व्यक्तीसमोर ‘श्वास’, ‘माती-धूळ’ आणि ‘अन्न-पाणी’ यांपैकी कोणता मार्ग संभवतो ते लिहिले आहे का? ते लिहिलेले नसेल, तर प्रयोगशाळेत जाण्याची वेळ अजून आलेली नाही.

## ४. शरीराचे नमुने द्या

दूषित मातीवर राहणाऱ्या कुटुंबासाठी मुख्य नमुना लघवीचा आहे. वाफेने किंवा क्षारांच्या रूपाने गेलेला पारा मूत्रपिंडात साठतो आणि लघवीवाटे हळूहळू बाहेर पडतो, त्यामुळे मागच्या काही महिन्यांचा संपर्क तिच्यात दिसतो. मिथाइलमर्क्युरी मात्र बहुतांशी विष्ठेवाटे बाहेर पडते, म्हणून ज्याचा पारा माशांतून आला आहे त्याची लघवी जवळजवळ स्वच्छ दिसू शकते. त्याच्यासाठी संपूर्ण रक्ताचा नमुना हवा. नुकताच, म्हणजे काही दिवसांत, वाफेचा मोठा संपर्क झाला असेल तरीही रक्त द्यावे, कारण रक्तातील हा आकडा पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने खाली येतो. दोन्ही शक्य असेल तर दोन्ही द्यावेत. रक्तात जास्त आणि लघवीत कमी आले तर बोट अन्नाकडे वळते, लघवीतही जास्त आले तर माती आणि हवेकडे.

केसांची तपासणी सोपी आणि आकर्षक वाटते. मिथाइलमर्क्युरीसाठी ती चांगलीच आहे, कारण केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि त्याच्या लांबीत महिन्यांचा हिशेब राहतो. पण ज्या घराच्या धुळीत आणि हवेतच पारा आहे तिथे तो केसांवर बाहेरून बसतो आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. अशा घरातील केसांचा आकडा शरीराबद्दल सांगतो की खोलीबद्दल, हे ठरवता येत नाही. माझ्या मते दूषित मातीच्या प्रकरणात केसांवर पहिला निर्णय बेतू नये.

नमुना देण्याआधीची तयारी अशी करावी :

१. मासे आणि समुद्री अन्न रक्ताच्या नमुन्यापूर्वी चार-पाच दिवस बंद ठेवावे आणि शेवटचे कधी खाल्ले ते अर्जावर लिहावे. मिथाइलमर्क्युरी रक्तात अर्धे व्हायला सुमारे ५० दिवस लागतात, म्हणून रोज मासे खाणाऱ्याचा आकडा एवढ्या पथ्याने स्वच्छ होत नाही. हे पथ्य फक्त कालच्या जेवणाचा फुगवटा टाळते.

२. गॅडोलिनियम किंवा आयोडीन असलेले द्रव्य टोचून एमआरआय किंवा सीटी स्कॅन झाला असेल, तर त्यानंतर ९६ तास धातूच्या तपासणीचा नमुना देऊ नये.

३. डब्यांची चौकशी आधी करावी. लघवीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली, धातूंच्या तपासणीकरिता आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली हवी. रक्तासाठी गडद निळ्या टोपणाची, सूक्ष्म धातूंच्या तपासणीची नळी हवी. पाऱ्याचा बराच भाग तांबड्या पेशींत असतो, म्हणून रक्तद्रव नको, संपूर्ण रक्त हवे.

४. सकाळची पहिली लघवी द्यावी आणि अर्जावर ‘पारा व क्रिएटिनिन, दोन्ही’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

चौथ्या मुद्द्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ असते आणि तिच्यातला पारा कमी भासतो. सकाळपासून पाणी न प्यायलेल्याचा जास्त भासतो. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंत तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारा पदार्थ. त्याच्याशी तुलना केली की हा फरक बराचसा निघून जातो. एका लिटरात ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त क्रिएटिनिन आले, तर तो नमुना फार पातळ किंवा फार दाट समजावा आणि पुन्हा द्यावा. मुलांचे स्नायू कमी असल्यामुळे त्यांचे क्रिएटिनिनही कमी असते, म्हणून मुलाचा आकडा वडिलांच्या आकड्याशी ताडून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये.

नमुना घेण्याची जागाही महत्त्वाची असते. अंगणातून मातीच्या पायाने येऊन, धुळीने भरलेल्या हाताने बाटलीचे झाकण उघडून आतल्या बाजूने जमिनीवर ठेवले, तर त्या एका चिमूटभर धुळीने संपूर्ण निकाल बिघडतो. आधी अंघोळ करावी, धुतलेले कपडे घालावेत, हात साबणाने धुवावेत, झाकण आतली बाजू वर करून स्वच्छ कागदावर ठेवावे आणि बाटलीच्या काठाला बोट लावू नये. औषधाची जुनी बाटली धुऊन तिच्यात नमुना नेणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. अशा नमुन्यातून आलेला आकडा, जास्त असो वा कमी, वापरू नये.

खबरदारी : धातू बांधून बाहेर काढणारे औषध देऊन त्यानंतर घेतलेली लघवी तपासणीसाठी चालत नाही. हे औषध निरोगी माणसालाही दिले तरी लघवीतला पारा वाढतो, आणि तुलनेचे सगळे आकडे औषध न घेतलेल्या माणसांचे आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजी या विषवैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेनेही अशा तपासणीविरुद्ध भूमिका घेतली आहे. कोणी आधी औषध आणि मग तपासणी असे सुचवत असेल, तर तिथून निघावे.

## ५. माती, धूळ, हवा आणि पाणी यांचे नमुने घ्या

शरीराचे नमुने देऊन झाले की लगेच हे काम हाती घ्यावे. शक्य असेल तर ते प्रशिक्षित माणसाकडून करून घ्यावे. स्वतः करायचे असेल, तर प्रयोगशाळेकडून बरण्या आणि लेखी सूचना आधी आणाव्यात.

माती. आवाराचा साधा नकाशा काढून त्याचे भाग पाडावेत : मुलांच्या खेळण्याची जागा, दारापुढचा पट्टा, भाजीचे वाफे, छपराच्या पागोळ्या जिथे पडतात ती रेघ, आणि जिथे काही जाळले किंवा पुरले असल्याचे कोणाला आठवते ती जागा. पागोळ्यांची रेघ लोक विसरतात. धुराड्यातून किंवा भट्टीतून उडालेला पारा छपरावर बसतो आणि पावसाबरोबर वर्षानुवर्षे त्याच अरुंद पट्ट्यात उतरत राहतो. प्रत्येक भागातून किमान पाच ठिकाणची माती घेऊन त्या भागाचा एक नमुना करावा, पण दोन भागांची माती एकत्र करू नये. मुलांच्या जागेतील वरची २ सेंटिमीटर माती घ्यावी आणि वाफ्यातील १५ ते २० सेंटिमीटरपर्यंतची. दूषित भागापासून दूरच्या, त्याच प्रकारच्या जमिनीचा एक तुलनेचा नमुनाही घ्यावा.

जस्ताचा मुलामा असलेले खुरपे वापरू नये, कारण पारा जस्ताशी मिसळून त्यालाच चिकटतो. स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे वापरावे, आणि दोन भागांच्या मध्ये ते धुऊन पुसून घ्यावे. माती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावी, थंड ठेवावी आणि २८ दिवसांच्या आत तपासली जाईल असे पाहावे.

खबरदारी : ओली माती उन्हात वाळवून किंवा तव्यावर तापवून पाठवू नये. प्रयोगशाळेला कोरडी माती बरी, या समजुतीने केलेल्या या एका कृतीने नमुन्यातला पारा उडून जातो आणि तो ज्याने तापवला त्याच्या छातीत जातो.

धातुरूप पारा मातीत थेंबाथेंबाने विखुरलेला असतो. एक चमचा माती स्वच्छ निघते आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या चमच्यात तिच्या हजारपट पारा सापडतो. म्हणून एका नमुन्यावरून ‘माती ठीक आहे’ असे कोणी लिहून दिले, तर ते स्वीकारू नये. जागेवर क्ष-किरणांनी धातू मोजणारे हातातले यंत्र सोयीचे असते, पण किलोमागे काही मिलिग्रॅमपर्यंतचा पारा त्याला दिसत नाही. त्यावर ‘आढळला नाही’ असे आले तरी प्रयोगशाळेतली तपासणी करावी लागते.

धूळ. पायपुसण्याखालची, खिडकीच्या खाचेतली आणि मुलाच्या पलंगाखालची धूळ वेगवेगळी घ्यावी. हे सर्व झाल्यावरच घराची सफाई सुरू करावी.

हवा. हे मोजमाप वाफ मोजणाऱ्या उपकरणाने आणि जाणकारानेच करावे. दिवसाच्या गरम वेळी, खोली काही तास बंद ठेवून, एकदा मोठ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर आणि एकदा रांगत्या मुलाच्या उंचीवर मोजायला सांगावे. खिडक्या उघडून सकाळच्या गारव्यात घेतलेला आकडा नेहमीच समाधानकारक येतो.

पाणी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी प्रयोगशाळेने आम्ल घालून दिलेल्या बाटलीत घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यातील असेंद्रिय पाऱ्यासाठीचे मार्गदर्शक प्रमाण लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे, आणि अनेक देशांची मर्यादा याहून कडक आहे. पाणी उकळणे हा यावरचा उपाय नाही. उकळल्याने जंतू मरतात, पारा मात्र काही वाफेबरोबर स्वयंपाकघरात येतो आणि काही भांड्यातच राहतो.

## ६. अहवाल वाचताना आधी एकक पाहा

आकड्यावर नजर जाण्याआधी त्याच्या शेजारचे एकक वाचावे. १ मायक्रोग्रॅम पारा म्हणजे सुमारे ५ नॅनोमोल, म्हणून ‘५० नॅनोमोल प्रति लिटर’ आणि ‘१० मायक्रोग्रॅम प्रति लिटर’ हे एकच आहेत. हवेच्या अहवालात १००० नॅनोग्रॅम म्हणजे १ मायक्रोग्रॅम. मातीत किलोला मिलिग्रॅम आणि ग्रॅमला मायक्रोग्रॅम हे सारखेच.

विशेष संपर्क नसलेल्या बहुतेक लोकांच्या लघवीत लिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी पारा असतो. जर्मनीच्या मानवी जैवनिरीक्षण आयोगाने दोन पायऱ्या ठरवल्या आहेत : लघवीसाठी लिटरला ७ आणि २५ मायक्रोग्रॅम, संपूर्ण रक्तासाठी ५ आणि १५ मायक्रोग्रॅम. खालच्या पायरीच्या आत चिंतेचे कारण नसते, दोहोंच्या मध्ये आल्यास तपासणी पुन्हा करून स्रोत शोधावा, आणि वरच्या पायरीपुढे तातडीने वैद्यकीय लक्ष द्यावे, असा त्यांचा अर्थ आहे. मातीबाबत देशोदेशीच्या मर्यादा खूप वेगळ्या आहेत. अंदाजासाठी सांगायचे तर स्वच्छ मातीत किलोला साधारण दशांश मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी पारा असतो, आणि कॅनडाची निवासी जमिनीसाठीची मार्गदर्शक मर्यादा ६.६ मिलिग्रॅम आहे.

एकच व्यक्ती जास्त आणि बाकीचे सगळे कमी असतील, तर आधी त्या व्यक्तीची क्रीम, औषध आणि काम पाहावे. लहान मुले सर्वांत जास्त आणि मोठी माणसे कमी असतील, तर बोट मातीकडे आणि जमिनीलगतच्या हवेकडे जाते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाच्या लघवीतला कमी आकडा आश्वासक मानू नये, कारण बिघडलेले मूत्रपिंड पारा बाहेर टाकण्यातही मागे पडते.

## ७. डॉक्टरांकडे जाताना

नोंदवही, सगळे अहवाल, नकाशा आणि क्रीमची डबी घेऊन जावे. लघवीतील प्रथिने, मूत्रपिंडाचे कार्य, रक्तदाब आणि मज्जासंस्थेची तपासणी करण्याची विनंती करावी. लहान मुलाचा रक्तदाब मोजायला राहून जातो, तो आवर्जून मोजून घ्यावा. विषबाधा माहिती केंद्र उपलब्ध असेल, तर डॉक्टरांना त्यांच्याशी बोलण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये, कारण सामान्य व्यवसायात असे रुग्ण क्वचित येतात.

धातू बांधणारी औषधे, म्हणजे डीएमएसए किंवा डीएमपीएस, लक्षणे आणि आकडे दोन्ही पाहून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. ती तांबे आणि जस्तासारखे आवश्यक धातूही बाहेर नेतात. डायमर्कॅप्रॉल हे जुने औषध मिथाइलमर्क्युरीच्या बाधेत देऊ नये, त्याने पारा मेंदूकडे सरकू शकतो. रुग्ण त्याच खोलीत परतणार असेल, तर कोणत्याही औषधाने जेवढे बाहेर निघते तेवढे पुन्हा आत जाते. पालेभाज्यांचे रस, लसूण किंवा ‘शुद्धीकरणाच्या’ गोळ्या यांनी शरीरातला पारा निघत नाही, त्यांत फक्त वेळ जातो.

गरोदर स्त्रीची किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीची तपासणी घरात सर्वांत आधी व्हावी, आणि जागा बदलण्याची सोय एकाच व्यक्तीची होणार असेल तर ती तिची व्हावी. मिथाइलमर्क्युरी नाळेतून गर्भाकडे जाते आणि नाळेच्या रक्तातील प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त असते. अंगावर पाजणे मात्र भीतीपोटी आपल्या मनाने बंद करू नये, तो निर्णय डॉक्टरांसह आकडे पाहून घ्यावा.

## ८. घर आणि अंगण

आता सफाईची वेळ आली. घर वरून खाली आणि आतल्या खोलीतून दाराकडे, ओल्या फडक्याने पुसत यावे. एका बादलीत साबणाचे पाणी आणि दुसरीत फडके पिळायचे पाणी ठेवावे, नाहीतर तीच धूळ सगळ्या घरभर पसरते. मातीत लोळलेले गालिचे, जुन्या गाद्या आणि कापडी खेळणी धुऊन स्वच्छ होत नाहीत, ती बंद पिशव्यांत भरून यंत्रणेच्या सूचनेप्रमाणे द्यावीत. पाऱ्याचे थेंब लागलेले कपडे धुलाई यंत्रात घालू नयेत, कारण मग यंत्रच दूषित होते. फडकी, धूळ, लाकूड किंवा पालापाचोळा जाळू नये. उष्णतेने त्यातला पारा वाफ होऊन परत घरात येतो.

थोडासा पारा सांडला असेल आणि तो स्वतः उचलणे भागच असेल, तर अंगठ्या-बांगड्या काढून हातमोजे घालावेत, खोली अंधारी करून विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून धरावी. तिरप्या उजेडात फरशीच्या सांध्यांतले टाचणीच्या टोकाएवढे मणीही लखलखतात. कडक कागदाच्या दोन तुकड्यांनी ते एकत्र सरकवून ड्रॉपरने उचलावेत, उरलेले चिकटपट्टीने टिपावेत आणि सर्व काही घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करावे. बेसिनमध्ये किंवा शौचकुपात काहीही ओतू नये.

अंगणाची माती स्वतः खणून काढू नये. खणल्याने खोलवर दबलेला पारा वर येतो आणि वाफ मोकळी होते. यंत्रणेचा निर्णय होईपर्यंत उघडी माती झाकणे, हे घरच्यांना करता येण्यासारखे काम आहे. चालण्याच्या वाटेवर फरसबंदी करावी आणि इतरत्र जाड कापडी थर अंथरून त्यावर स्वच्छ माती आणि गवत लावावे. भाज्या बंद तळाच्या वाफ्यांत, बाहेरून आणलेल्या मातीत घ्याव्यात. आवारात पाणी साचू देऊ नये, साचलेल्या गाळात मिथाइलमर्क्युरी तयार होते.

तपासून पाहा : मातीच्या थराने धूळ थांबते, पण धातुरूप पाऱ्याची वाफ पूर्ण थांबत नाही. हवेतील आकडा जास्त आलेला असेल, तर झाकण घालून झाल्यावर हवा पुन्हा मोजून घ्यावी, आणि तो आकडा उतरलेला नसेल तर मुलांना त्या घरात झोपवू नये.

## ९. पुन्हा तपासणी

असेंद्रिय पारा शरीरात अर्धा व्हायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने लघवी तपासण्यात अर्थ नाही. पहिल्या नमुन्यानंतर दोन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, तशाच बाटलीत, सकाळच्याच पहिल्या लघवीची तपासणी करावी. सुरुवातीला ४० आलेला आकडा दोन महिन्यांनी २० च्या आणि चार महिन्यांनी १० च्या आसपास आला, तर संपर्क खरोखर तुटला आहे. तो ३५ वरच रेंगाळला, तर औषध बदलण्याची मागणी करू नये, कुठून तरी पारा अजून आत येतो आहे हे समजून घ्यावे. तेव्हा नोंदवही उघडून मार्ग पुन्हा एकेक तपासावेत : पायपुसण्याखालची धूळ, कामावरून येणाऱ्याचे कपडे आणि दुचाकीची पिशवी, मुलाच्या पलंगाखालची फट, आणि सुट्टीत ते ज्या दुसऱ्या अंगणात खेळायला जाते ती जागा.